नकारातून जन्मलेला संगणक : ‘परम’ मालिकेच्या भवितव्याचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे महाराष्ट्रात परिचित आहे. हा सारा परिसर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतो. येथील शेतीचे गणित पावसाच्या मानावर जितके, तितकेच त्याच्या वेळेवर अवलंबून असते. मृगाच्या सरींवर विसंबून केलेली पेरणी पुढे पावसाने ओढ दिल्यास वाया जाते. उलट २०२५ च्या सप्टेंबरात घडले त्याप्रमाणे थोड्या अवधीत अतोनात पाऊस कोसळला म्हणजे सीनेच्या काठची याच तालुक्यातील गावे पाण्याने वेढली जातात. दोन्ही प्रसंगी शेतकऱ्याला हवे असते ते एकच : आपल्या शिवारात पाऊस केव्हा व किती पडेल, याचे विश्वसनीय भाकीत.

अशा भाकितासाठी लागणारे गणित ज्या यंत्रावर होते ते ‘अर्का’ नावाचे यंत्र पुण्यात, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आहे. ते फ्रान्समधील अ‍ॅटॉस या उद्योगसमूहाकडून घेतलेले आहे. त्याच पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेले सी-डॅक, १९८८ पासून ‘परम’ या नावाने महासंगणक घडवीत आले आहे. एका शहरात मोठी गरज आणि त्याच शहरात ती गरज भागवू पाहणारा निर्माता असूनही दोघांची पुरती गाठ पडलेली नाही. जगाची बाजारपेठ मूठभर बलाढ्य कंपन्यांच्या हाती असता एका मर्यादित क्षेत्रातील छोट्या निर्मात्यास भवितव्य आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न या विसंगतीतून उभा राहतो. येथे ‘परम’च्या उदाहरणाने त्याचा विचार केला आहे.

२. नकार आणि त्यातून लाभलेले क्षेत्र

‘परम’चा जन्म बाजारातील संधीतून झाला नाही, तो नकारातून झाला. १९८० च्या दशकात भारतास हवामानाच्या व विज्ञानाच्या कामासाठी अमेरिकेतील क्रे कंपनीचे महासंगणक हवे होते. या यंत्रांचा उपयोग अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रे यांच्या गणितासाठी होऊ शकतो, या कारणास्तव अमेरिकेने अधिक शक्तिमान यंत्र देण्याचे नाकारले. केवळ हवामानाच्या कामाकरिता एका प्रोसेसरचे क्रे एक्स-एमपी/१४ हे यंत्र मिळाले, आणि तेही देखरेखीच्या अटींसह. दिल्लीत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाच्या राष्ट्रीय केंद्रात ते बसविण्यात आले.

त्याच वर्षी पुणे विद्यापीठाच्या परिसरात सी-डॅकचे काम सुरू झाले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्याकडे त्याची धुरा होती. मुदत तीन वर्षांची आणि निधी चाळीस कोटी रुपयांहून कमी होता. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर घडविणे एवढ्या वेळात व पैशात अशक्य होते. म्हणून दुसरा मार्ग पत्करण्यात आला. एक मोठे गणित अनेक भागांत विभागावे, प्रत्येक भाग एकेका साध्या प्रोसेसरकडे सोपवावा आणि त्या सर्वांनी एकाच वेळी काम करून उत्तरांची देवघेव करावी, असा तो मार्ग होता. यासच समांतर संगणन म्हणतात. याकरिता ब्रिस्टल येथील इन्मॉस कंपनीचा टी-८०० हा ‘ट्रान्सप्युटर’ निवडण्यात आला. शेजाऱ्यांशी थेट बोलण्यासाठी चार जोडवाहिन्या प्रत्येक ट्रान्सप्युटरमध्ये अंगचीच असल्यामुळे अशा रचनेस तो सोयीचा होता. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. पुढे मॉस्कोसारख्या ठिकाणीही त्याची यंत्रे गेली.

हा प्रयत्न एकाकी नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘अनुपम’ आणि हैदराबाद येथे संरक्षण संशोधन संस्थेत ‘पेस’ ही यंत्रे याच काळात उभी राहिली. या सर्वांस अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक समान लाभ होता. प्रबळ प्रतिस्पर्ध्यांना त्यांच्याच सरकारने भारताच्या बाजारात येण्यापासून रोखले होते. बाल्यावस्थेतील उद्योगास संरक्षण देण्यासाठी एरवी देशाला स्वतः जकातीची भिंत उभारावी लागते. येथे ती भिंत परक्यांनीच उभारून दिली. छोट्या निर्मात्यास लाभलेले मोकळे क्षेत्र ते हेच.

३. त्या क्षेत्राचा लोप

परंतु अशा भिंतीचा एक दोष असतो. ती ज्याने उभारली त्याच्या इच्छेने ती पडते. भारतास हे तंत्र साधते असे दिसून आल्यावर, आणि शीतयुद्धाच्या समाप्तीनंतर जगातील राजकारण पालटल्यावर, निर्यातीवरील बंधने टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर ती काही काळ पुन्हा आवळली गेली, तरी दीर्घ काळाचा प्रवाह सैलपणाकडेच राहिला. म्हणजे ज्या यशासाठी ‘परम’ची निर्मिती झाली, त्या यशामुळेच त्याचे संरक्षित क्षेत्र आकुंचित होऊ लागले.

दुसरे कारण तांत्रिक होते. समांतर संगणनाचे तत्त्व एकदा मान्य झाल्यावर ते कोणा एकाचे राहिले नाही. १९९४ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेतील संशोधकांनी बाजारात मिळणारे साधे संगणक जाळ्याने जोडून ‘बेओवुल्फ’ नावाची जुळणी केली आणि समांतर यंत्र उभारण्याचा खर्च व कौशल्य दोन्ही खाली आले. पुण्यातच याचे ठळक उदाहरण घडले. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या कंपनीने ह्यूलेट-पॅकार्डच्या यंत्रांची जुळणी करून ‘एका’ हा महासंगणक उभा केला आणि २००७ च्या नोव्हेंबरात जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत त्यास चौथे स्थान मिळाले. ‘परम पद्म’ २००३ मध्ये त्याच यादीत १७१ व्या स्थानी होता. तथापि ‘एका’ला वारस लाभला नाही. ती कंपनी २०१२ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या ताब्यात गेली. एकदाच मारलेली झेप आणि अखंड चालविलेली निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यातून घेता येतो.

४. अवलंबनाचे स्वरूप

छोट्या निर्मात्याचे भवितव्य त्याच्या प्रतिस्पर्ध्यांइतकेच त्याच्या पुरवठादारांवरही ठरत असते. ‘परम ८०००’चा आधार असलेल्या इन्मॉसची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. १९७८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या भांडवलावर ती स्थापन झाली, १९८४ मध्ये थॉर्न ईएमआयला विकली गेली आणि १९८९ मध्ये एसजीएस-थॉमसनच्या हाती आली. तिचा पुढचा ट्रान्सप्युटर वेळेवर आला नाही आणि ती परंपराच खुंटली. सी-डॅकला आपली रचना वारंवार बदलावी लागली. पुढच्या यंत्रांत इंटेलचा आय-८६०, त्यानंतर सन कंपनीच्या स्पार्क मालिकेतील प्रोसेसर, ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचा पॉवर-४ आणि २००८ च्या ‘परम युवा’मध्ये पुन्हा इंटेल, असा हा प्रवास झाला. दर वेळी प्रोसेसर परका होता. स्वतःची होती ती प्रोसेसरांना जोडणारी ‘परमनेट’ ही जाळेरचना, वरील प्रणाली आणि ते सर्व चालविणारी माणसे.

यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. महासंगणकाची खरी कसोटी सुट्या प्रोसेसरच्या वेगात नसते. हजारो प्रोसेसर एकमेकांची वाट पाहण्यात किती वेळ घालवितात यात असते. म्हणून जोडणीचे तंत्र हे मर्माचे तंत्र होय. तथापि प्रोसेसरचा पुरवठा तुटला तर जोडण्यासाठी काही उरत नाही, हेही तितकेच खरे. अमेरिकेने २०१५ मध्ये चीनच्या महासंगणक केंद्रांना इंटेलचे प्रोसेसर देणे बंद केले. पुढच्याच वर्षी चीनने स्वतः घडविलेल्या प्रोसेसरवरील ‘सनवे ताइहूलाइट’ यादीच्या अग्रभागी आणला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिपच्या निर्यातीवर देशवार मर्यादा घालणारा नियम जाहीर केला, त्यात भारत मुक्त खरेदीच्या देशांत नव्हता. तो नियम मे महिन्यात मागे घेण्यात आला. परंतु १९८० च्या दशकातील नकार हा केवळ इतिहास नव्हे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

प्रबळांचेही आसन अढळ नसते. १९७२ मध्ये स्थापन झालेली क्रे कंपनी स्वतः एका मर्यादित क्षेत्रातीलच निर्माती होती. ती १९९६ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने घेतली, २००० मध्ये टेरा कंपनीकडे गेली आणि २०१९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड एंटरप्राइझमध्ये सामावली. समांतर यंत्रांची एकेकाळची अग्रेसर थिंकिंग मशीन्स १९९४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. या कंपन्यांकडे बुद्धीची उणीव नव्हती. शीतयुद्धानंतर सरकारी खरेदी आटली आणि स्वस्त प्रोसेसरांनी बाजार व्यापला, या दुहेरी कचाट्यात त्या सापडल्या. सी-डॅक तगून राहिले याचे मुख्य कारण ते नफ्यावर जगणारी कंपनी नसून शासनाची संस्था आहे हे होय. परंतु तगून राहणे म्हणजे भवितव्य असणे नव्हे.

५. हवामानाचे गणित आणि यंत्राची निवड

आता आरंभीच्या विसंगतीकडे वळता येईल. हवामानाचे संगणकीय प्रतिमान पृथ्वीचे वातावरण काल्पनिक चौकटींत विभागते आणि प्रत्येक चौकटीतील दाब, तापमान, वारा व आर्द्रता यांची गणिते काळाच्या लहान लहान टप्प्यांनी पुढे नेते. चौकट जितकी लहान तितके भाकीत स्थानिक. १२ किलोमीटरच्या चौकटीत १४४ चौरस किलोमीटरचा मुलूख एकच मानला जातो. सोनारी आणि आसपासची अनेक गावे त्यात एकरूप होतात. चौकट ६ किलोमीटरची केली की हे क्षेत्र ३६ चौरस किलोमीटरवर येते. मात्र त्यासाठी चौकटींची संख्या चौपट होते आणि काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो. म्हणून गणित सुमारे आठपट वाढते. २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही ६ किलोमीटरची प्रणाली पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतच विकसित झाली आहे. प्रणाली घरची, पण ती जेथे चालते ते यंत्र बाहेरचे, अशी येथील स्थिती आहे.

ही स्थिती एका दिवसाची नाही. या संस्थेत २०१३ मध्ये आलेले ‘आदित्य’ आयबीएमचे, २०१८ चे ‘प्रत्युष’ क्रेचे आणि २०२४ चे ‘अर्का’ अ‍ॅटॉसचे. २६ सप्टेंबर २०२४ हा दिवस तर या सर्व प्रश्नाचे सारच होय. त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते सी-डॅकचे तीन ‘परम रुद्र’ पुणे, दिल्ली व कोलकाता येथील संशोधन संस्थांना अर्पण करण्यात आले. त्यांचा एकत्रित खर्च १३० कोटी रुपये. त्याच समारंभात पुण्याचे ‘अर्का’ व नोएडाचे ‘अरुणिका’ ही हवामानाची यंत्रे कार्यान्वित झाली. त्यांचा खर्च ८५० कोटी. मुसळधार पावसामुळे पंतप्रधानांचा पुण्याचा दौरा रद्द होऊन हा समारंभ दूरदृश्य प्रणालीने करावा लागला, हाही एक योगायोगच. देशी निर्मात्याला १३० कोटींचे काम आणि परक्या निर्मात्याला ८५० कोटींचे, ही दोन आकड्यांतील तफावत बाजाराचे चित्र पुरेसे बोलके करते.

या निवडीस दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ‘अर्का’चा वेग ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणिते. पुण्याच्या ‘परम रुद्र’चा वेग सुमारे एक पेटाफ्लॉप. शिवाय हवामानाचे काम ठरलेल्या घटकेला पूर्ण व्हावेच लागते. उद्याचा अंदाज परवा हाती आला तर त्याचा उपयोग शून्य. साहजिकच अशा खरेदीत पूर्वी तितकेच मोठे यंत्र अखंड चालवून दाखविल्याचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. आणि ज्याला मोठे काम कधी मिळालेच नाही त्याच्याकडे तो पुरावा नसतो. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, असे हे चक्र आहे. छोट्या निर्मात्यापुढील खरा अडसर किमतीपेक्षा हा आहे.

६. भवितव्याच्या अटी

बाल्यावस्थेतील उद्योगाच्या संरक्षणाचे समर्थन करताना जॉन स्टुअर्ट मिल याने एक कसोटी सांगितली होती : योग्य मुदतीनंतर तो उद्योग संरक्षणावाचून उभा राहू शकला पाहिजे. बॅस्टेबल याने तीत भर घातली, ती अशी की, मिळणाऱ्या लाभाने संरक्षणाचा खर्च भरून निघाला पाहिजे. केवळ वेगाच्या यादीवर पाहिले तर ‘परम’ पहिल्या कसोटीस उतरत नाही. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये ४५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाले. २०२५ च्या मार्चपर्यंत त्याखाली ३४ यंत्रे उभी राहिली आणि त्यांची एकत्रित क्षमता सुमारे ३५ पेटाफ्लॉप होती. अमेरिकेतील ‘एल कॅपिटन’ या एकाच यंत्राचा वेग २०२४ च्या नोव्हेंबरात १७४२ पेटाफ्लॉप नोंदला गेला, म्हणजे या सर्वांच्या बेरजेच्या सुमारे पन्नासपट. या शर्यतीत छोट्या निर्मात्याने उतरणे हेच मुळी चुकीचे ठरेल.

तथापि दुसऱ्या कसोटीचा हिशेब वेगळा आहे. ही ३४ यंत्रे वाराणसीच्या तंत्रज्ञान संस्थेतील ‘परम शिवाय’पासून पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’पर्यंत विद्यापीठीय जगात पोहोचली आहेत. ज्या विद्यार्थ्याने समांतर यंत्रावर प्रत्यक्ष काम केले, तो उद्या कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर काम करू शकतो. हा लाभ यंत्राच्या किमतीत मोजला जात नाही, पण तो खर्चाची भरपाई करणाराच आहे.

यापुढील वाटचालीस तीन अटी महत्त्वाच्या दिसतात. पहिली, जोडणीची मालकी. ‘परम रुद्र’मधील प्रोसेसर परके असले तरी त्याचा ‘रुद्र’ हा सर्व्हर सी-डॅकने आखलेला आहे आणि ‘त्रिनेत्र’ ही जाळेरचनाही सी-डॅकच विकसित करीत आहे. प्रोसेसर बदलला तरी उरलेले यंत्र आपले राहावे, ही रचना पुरवठा तुटण्याच्या संकटापुढे काही अंशी तरी ढाल ठरते. दुसरी, प्रोसेसरची दीर्घ तयारी. खुल्या रिस्क-फाइव्ह रचनेवरील सी-डॅकची ‘वेगा’ मालिका महासंगणकाच्या कामापासून आज दूर आहे. पण ती पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली तरच तिचा उपयोग. इन्मॉसची परंपरा खुंटली ती बुद्धी संपली म्हणून नव्हे. एक पिढी वेळेवर आली नाही आणि मालक बदलत गेले म्हणून.

तिसरी अट सर्वांत निर्णायक आहे, आणि ती निर्मात्यापेक्षा ग्राहकाच्या हाती आहे. जपानने २००२ मध्ये ‘अर्थ सिम्युलेटर’ हा एनईसी कंपनीचा महासंगणक पृथ्वीच्या हवामानाच्या अभ्यासासाठी उभा केला आणि तो दोन वर्षे जगात पहिला राहिला. देशी निर्माता व देशी गरज यांची सांगड तेथे जाणीवपूर्वक घातली गेली होती. त्या कामात मुरलेली एनईसीची यंत्रे पुढे जर्मनीच्या हवामान सेवेनेही घेतली. हवामानासारख्या एका कामात पारंगत असणारा छोटा निर्माता सर्व कामांत मोठा असणाऱ्यापुढे टिकू शकतो, याचे हे उदाहरण होय. येथेही संपूर्ण यंत्र एकदम देशी असावे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. मुख्य भाकीत परक्या यंत्रावर चालू ठेवून त्याचेच प्रतिमान देशी यंत्रावर काही हंगाम समांतर चालवावे, दोहोंचे निष्कर्ष व खंड जाहीरपणे ताडून पाहावेत आणि विश्वास बसेल तसा कामाचा वाटा वाढवावा, हा क्रम शक्य आहे. अनुभव व काम यांचे वर सांगितलेले चक्र अशाच मार्गाने भेदले जाते.

७. समारोप

‘परम’चा आरंभ परक्याच्या नकाराने केला. नकार हा उत्तम प्रेरक असतो, पण तो आधार होऊ शकत नाही. कारण नाकारणाऱ्याचे मन बदलले की तो आधार नाहीसा होतो. टिकून राहण्यास स्वतःची गरज लागते, आणि ती गरज या देशाला उणी नाही. परंड्याच्या शिवारात पेरणीची घाई करणाऱ्या किंवा सीनेच्या पाण्याकडे रात्रभर डोळे लावून बसणाऱ्या माणसाला यंत्र कोणत्या देशाचे याच्याशी कर्तव्य नाही. त्याला भाकीत वेळेवर व खरे हवे. छोट्या निर्मात्याने याच माणसाच्या मापाने आपले यंत्र मोजावे आणि शासनाने ते मोजण्याची संधी त्याला द्यावी. असे झाले तर वेगाच्या यादीत तो कितव्या स्थानी आहे हा प्रश्न गौण ठरेल. असे न झाल्यास ‘परम’ विद्यापीठांतील एक उपयुक्त साधन म्हणून राहील. ज्या गरजेच्या नावाने त्याचा जन्म झाला ती मात्र पूर्वीप्रमाणे दुसऱ्याच्या दारी उभी असेल.